एक्केचाळीस नंबरची फळी

जुन्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत चौऱ्याऐंशी टेबलं होती आणि त्यातलं एक्केचाळीस नंबरचं साडेचार वर्षं रिकामं होतं. खुर्चीवर हिरव्या कापडाची गादी होती. टेबलावर धूळ कधी साचली नाही. बाहेर व्हरांड्यात पन्नास-साठ पोरं चटया टाकून जागेची वाट पाहत असायची, तरी त्या टेबलाकडे कोणी वळत नसे.

जागा गफ्फारच्या मुलीची होती.

गफ्फार शेख विद्यापीठाच्या या शहरातल्या संकुलाचा सुतार. १९९३ साली लागला. आवारात लाकडाचं जे काही होतं त्याला त्याचा हात लागलेला होता. मुख्य दगडी इमारतीचे दरवाजे, मुलींच्या वसतिगृहातल्या खाटा, सभागृहाचं व्यासपीठ, कॅन्टीनचे बाक, सगळं. पण कोणी विचारलंच तर तो अभ्यासिकेची टेबलं दाखवायचा. पांढरकवड्याच्या डेपोतलं सागवान, एका माणसापुरती फळी, खाली लोखंडी सांगाडा. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांवर चार खुंट्या आणि फळीला खालून चार भोकं. फळी वरून ठेवायची, तळहातानं दाबायची, बसली. स्क्रू नाही, खिळा नाही.

"चौऱ्याऐंशीतली कोणतीबी फळी उचल अन् कोणत्याबी सांगाड्यावर ठेव," तो म्हणायचा. "बसली नाही तर माहं नाव बदल."

नंबर पिवळ्या रंगात सांगाड्याच्या पायावर टाकलेले होते. ऑफिसचं तसं पत्र होतं.

अभ्यासिकेत बसणारी बहुतेक पोरं स्पर्धा परीक्षांची. आर्णी, बाभुळगाव, घाटंजीकडून आलेली, दोघातिघांत एक खोली करून राहणारी. त्यांचा एक रिवाज होता. जागा मागून मिळत नसे, ती द्यावी लागे. एखाद्याची निवड झाली की तो पेढे वाटायच्या आधी आपल्या टेबलाखाली उताणा पडायचा आणि फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं लिहायचा. नाव, पद, साल. त्याखाली 'पुढे' असं लिहून जिला किंवा ज्याला जागा देतो त्याचं नाव. मग ती जागा त्याची, त्याची निवड होईपर्यंत. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच माहीत नव्हतं. ऑफिसला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून नव्हतं.

उमेराला जागा २०१४ साली मिळाली. अभिषेक देवतळे नावाचा मुलगा तलाठी झाला आणि जाताना त्यानं तिचं नाव लिहिलं. उमेरा धावत वर्कशॉपमध्ये आली. गफ्फार करवतीला धार लावत होता.

"अब्बा, एक्केचाळीस नंबर मिला. खिडकी के पास का."

"किसने दिया? देखता मैं नीचे जाके."

"नै. नीचे नै देखना. मेरा नाम मैं लिखूंगी ना, तब दिखाऊंगी. वादा करो."

त्यानं कानस खाली न ठेवताच वादा केला.

त्यानंतर पाच वर्षं, सुट्टीचे दिवस सोडले तर रोज, दुपारी चार वाजता गफ्फार कॅन्टीनमधून स्टीलच्या पेल्यात चहा घ्यायचा, वर बशी झाकायचा आणि अभ्यासिकेत नेऊन एक्केचाळीस नंबरवर ठेवायचा. आत खायला-प्यायला मनाई होती. ग्रंथपालांनी पहिल्या महिन्यात एकदा खाकरून पाहिलं, नंतर तेही सोडलं. वर्कशॉपला सुट्टी चारलाच मिळत असल्यामुळे दुसऱ्या वेळी तो तिकडे कधी फिरकत नसे. चहा ठेवायचा, उघड्या पुस्तकाकडे एकदा बघायचा आणि परत यायचा. कॅन्टीनवाल्याला सांगायचा, "नायब तहसीलदार होईन माही पोरगी. तवा तुह्या कॅन्टीनची तपासणी तिच्याच हातानं." पोरं त्याला पाठीमागे 'तहसीलदाराचे अब्बा' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडायचं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये उमेरा डेंग्यूनं गेली. ताप आल्यापासून चार दिवसांत. सत्तावीस वर्षांची होती.

नवव्या दिवशी गफ्फार कामावर आला. चार वाजता तो अभ्यासिकेत गेला, चहा न घेता. टेबल पुसलं, गादी झटकली आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिला. पोरांनी माना वर केल्या नाहीत. गफ्फारच्या हिशेबानं रिवाजाप्रमाणेही जागा तिचीच होती. जिच्या हातून ती पुढे जायची ती न देताच गेली होती.

तेव्हापासून एकदाच घोटाळा झाला. २०२१ साली अभ्यासिका परत उघडली त्या आठवड्यात शाल्मली नावाच्या बाभुळगावच्या मुलीनं एक्केचाळीस नंबरवर बॅग ठेवली. गफ्फार दारातूनच ओरडला, "ए पोरी, ऊठ! तिथं कोणी बसत नाही. माहीत नाही का तुले?" शाल्मली उठली. तिनं बॅग उचलली. तिनं व्हरांड्यात, पाण्याच्या कूलरशेजारी, चटई टाकली. तीन वर्षं ती तिथेच बसत होती. गफ्फार जाता-येता तिला पाहायचा. कूलरची तोटी ठिबकायची आणि तिच्या चटईचा एक कोपरा कायम ओला असायचा. दोनदा त्यानं तोटीचा वायसर बदलून दिला होता.

या वर्षी फेब्रुवारीत इमारतीची तपासणी झाली. वरच्या स्लॅबला भेगा आहेत, इमारत वापरास धोकादायक आहे, ३१ मे २०२४ पर्यंत रिकामी करावी, असा कागद आला. नवीन 'ज्ञानभवन' पाण्याच्या टाकीपलीकडे उभं राहिलंच होतं. काचेचं, थंड हवेचं. तिथे मोबाइलवर जागा धरायची, चार तासांची. कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नव्हतं आणि कार्ड फक्त त्या वर्षी नाव दाखल असलेल्या विद्यार्थ्यांना. व्हरांड्यातल्या पोरांच्या पदव्या कधीच्या झालेल्या. त्यांना कार्ड नव्हतं.

जुनी टेबलं निर्लेखित झाली आणि वणीचा जुन्या फर्निचरचा व्यापारी हरिसिंग यानं सगळी एकगठ्ठा घेतली. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर ढाबे होते, तिथे बाक करायला सागवान बरं, असं त्याचं म्हणणं.

गफ्फार इस्टेट विभागात गेला. विभागाचे अधीक्षक नीळकंठबाबू. दोघांची नोकरी एकाच वर्षी लागलेली.

"बाबू, एक फळी पाहिजे मले."

नीळकंठबाबूंनी कागदावरून नजर उचलली नाही. "कोणती ते मले ठाऊक आहे, गफ्फारभाई. देता येत नाही."

"एकच म्हणून राह्यलो."

"चौऱ्याऐंशी फळ्या, चौऱ्याऐंशी सांगाडे. गेटवर मोजून सोडाच्या आहेत. त्र्याऐंशी भरल्या तर मी काय लिहू?"

"लिहा, सुतारानं चोरली."

"सव्वा वर्ष राह्यलं तुमचं. कायले नाव खराब करता आता?" नीळकंठबाबूंनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "मले गेटवर चौऱ्याऐंशी फळ्या पाहिजेत. कोणत्या चौऱ्याऐंशी, ते रजिस्टरमध्ये कुठं लिहिलेलं नसते."

गफ्फारनं त्याच रविवारी घरच्या पडवीत स्वतःजवळच्या सागवानाची एक नवी फळी तयार केली. तेवढीच लांब, तेवढीच रुंद, चार भोकं. नाहिद, त्याची बायको, भाजी निवडत बसली होती.

"वो लकडी घर में लाके क्या करते?" तिनं विचारलं.

"रखूंगा."

"कां रखते? रोटी बेलूं क्या उसपे?"

"उसका नाम है उसपे."

नाहिदनं मेथीची जुडी उलगडली. "रैने दो ना जी वो लकडी," ती म्हणाली, हळू. गफ्फारनं रंधा मारला आणि ते त्याला नीटसं ऐकू आलं नाही.

टेबलं काढायचं काम मंगळवारी सुरू झालं. हरिसिंगची दोन माणसं आणि गफ्फार. त्यानं दोन्ही टोकांकडून सुरुवात केली, एक नंबरकडून आणि चौऱ्याऐंशी नंबरकडून, म्हणजे एक्केचाळीस सर्वांत शेवटी येईल. फळ्या तो सरळच उचलायचा आणि सरळच रचायचा. वादा एका फळीचा होता, पण त्यानं तो सगळ्याच फळ्यांना लावून घेतला होता. दहा वर्षांत त्यानं एकाही फळीची खालची बाजू पाहिली नव्हती.

गुरुवारी, तीस तारखेला, दुपारी अडीचला हॉलमध्ये एकच टेबल उरलं. बाहेर ऊन असं की पाण्याच्या टाकीकडे नजर ठरत नव्हती. हरिसिंगची माणसं ट्रकच्या सावलीत जेवायला बसली. गफ्फारनं गादी उचलून खुर्चीवरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग फळी उचलली. दोन्ही हातांनी ती छातीशी धरून उजेडाला नेली आणि मनातल्या मनात म्हणाला, बेटा, अब देखता हूं. तेरा वादा आज के आज माफ कर.

त्यानं फळी उलटी केली.

शिक्षण उर्दू शाळेतलं, चौथीपर्यंत. देवनागरी तो एकेक अक्षर लावून वाचायचा. 'सत्यशीला मडावी, वनरक्षक, २०११. पुढे रौशन.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'रौशन, पोलीस शिपाई, २०१६. पुढे तनवीर.' त्याखाली लाकूड.

तो परत वरून वाचत आला. अभिषेक नव्हता. उमेरा नव्हती. त्यानं सांगाड्याचा पाय पाहिला. पिवळ्या रंगात एक्केचाळीस होतं.

मग त्याला समजलं, आणि समजलं तेव्हा तो खिडकीच्या कट्ट्यावर गादीच्या बाजूला बसला.

२०२० चा उन्हाळा. सगळं बंद. उमेराला जाऊन सात महिने झालेले. घरात बसवत नव्हतं म्हणून गफ्फारनं पास काढून घेतला होता आणि रोज रिकाम्या आवारात येत होता. नीळकंठबाबूंनी त्याला काम म्हणून पत्र दिलं, की अभ्यासिका बंद आहे तोवर सर्व फळ्या रंधून पॉलिश कराव्यात. त्यानं चौऱ्याऐंशी फळ्या वर्कशॉपपुढे नेल्या, दहा-दहाच्या थप्प्या लावल्या, वरची बाजू रंधली, पॉलिश मारलं आणि हाताला येईल तशी एकेक फळी आणून सांगाड्यावर बसवली. कोणतीही फळी कोणत्याही सांगाड्यावर बसत होतीच. तीच तर त्याची करामत होती. त्या दिवसांत त्याच्या डोक्यात जागा होती. खिडकी, खुर्ची, गादी, सांगाड्यावरचा आकडा. फळी वेगळी असते हे त्याच्या मनात आलंच नाही. एक्केचाळीसवर जी फळी आली तिला त्यानं पॉलिशचा तिसरा हात मारला होता. साडेचारपैकी चार वर्षं तो रोज तिच्यावर फडकं फिरवत होता. कोणा सत्यशीलाच्या, कोणा रौशनच्या फळीवर.

त्या वेळी एखादी जरी फळी उलटून पाहिली असती तर कळलं असतं. वादा होता म्हणून पाहिली नव्हती.

"काका."

दारात शाल्मली उभी होती. खांद्यावर बॅग, हातात गुंडाळलेली चटई. व्हरांडाही उद्यापासून बंद होता.

"सदुसष्ट नंबर," ती म्हणाली.

"काय?"

"उमेराताईची फळी. सदुसष्टच्या सांगाड्यावर गेलती. लॉकडाऊननंतर आम्ही आलो, तवा पाह्यलं. सगळ्याच फळ्या इकडच्या तिकडं झाल्या होत्या."

"मंग मले कोणी काहून नाही सांगतलं?"

शाल्मलीनं चटई एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कोण सांगन काका तुमाले?"

सदुसष्टची फळी त्यानं स्वतःच्या हातानं परवा काढली होती. ती ट्रकमध्ये होती, कुठेतरी तळाशी.

ट्रक टाकीच्या सावलीत उभा होता. हरिसिंग केबिनमध्ये पाय वर करून पडला होता. गफ्फारनं सांगितलं तसा तो उठून बसला.

"चाचा, आप बोले थे एक निकालूंगा, बदले में एक डालूंगा. अब पूरा ट्रक खाली करोगे?"

"मी करतो. तुह्या माणसाले हात नको लावू देऊ."

"पाच बजे गेट बंद होता है. मेरा माल अंदर रह गया तो?"

"नाही राहत." हे नीळकंठबाबू बोलले. रजिस्टर काखेत घेऊन ते मोजणीसाठी आले होते आणि मागे कधी येऊन उभे राहिले ते कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "तीन वाजून दहा मिनिटं झाली. गेटची किल्ली माह्याकडं आहे." रजिस्टर त्यांनी ट्रकच्या मडगार्डवर ठेवलं आणि शर्टच्या बाह्या वर केल्या.

गफ्फार ट्रकमध्ये चढला. एक फळी उचलायची, उलटायची, खाली नीळकंठबाबूंच्या हातात द्यायची. नीळकंठबाबू वाचायचे आणि रचायचे. ते मोठ्यानं वाचत होते, हजेरी घ्यावी तसे. कृषी सहायक, २००४. ग्रामसेवक, २००९. लिपिक. लिपिक. तलाठी. काही फळ्यांखाली पाच-पाच नावं होती, काहींखाली एकही नव्हतं. दहा-बारा फळ्या झाल्यावर हरिसिंगही उतरून हात लावायला आला. "साला, इतने साहब लोग मेरे ट्रक में," तो म्हणाला, आणि मग त्यानंही आवाज खाली आणला.

गफ्फारला वाटत होतं की ती फळी हाताला लागली की कळेल. या सगळ्या त्यानंच घडवलेल्या. लाकडाची रेघ, गाठ, कड, काहीतरी ओळख देईल. सदतिसावी फळी त्यानं इतर छत्तीस फळ्यांसारखीच उचलली आणि खाली दिली.

नीळकंठबाबूंनी 'अभिषेक देवतळे, तलाठी, २०१४. पुढे उमेरा' इतकं वाचलं आणि ते थांबले. खालची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. फळी त्यांनी ट्रकच्या फाळक्याला टेकवून ठेवली आणि बाजूला झाले.

गफ्फार उतरला. उकिडवा बसून त्यानं अक्षर लावायला सुरुवात केली. तिचं अक्षर तो न लावता वाचू शकत होता.

'उमेरा शेख.' त्यापुढे पदाच्या जागी एक आडवी रेघ. 'पुढे शाल्मली. १२ ऑगस्ट २०१९.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग मागे वळून पाहिलं. शाल्मली टाकीच्या खांबाला टेकून उभी होती, चटई पोटाशी धरून.

"हे काय आहे?"

ती खांबापासून दोन पावलं पुढे आली.

"ऑगस्ट? ऑक्टोबरपर्यंत मी चहा आणून राह्यलो तिले. रोज बसेली होती तिथं."

"चार वाजता," शाल्मली म्हणाली.

"हो, चार वाजता."

"पावणेचारले यायची काका ती. मी उठून व्हरांड्यात जायची. ती पुस्तक उघडून बसायची. तुमी चहा ठेवून गेले का ती तो पिऊन निघायची. मंग मी परत बसायची."

टाकीतून कुठेतरी पाणी ठिबकत होतं. हरिसिंग ट्रकच्या पलीकडे निघून गेला.

"बाकीच्या वेळी कुठं होती?" गफ्फारनं विचारलं.

"बसस्टँडच्या मागं एक बालवाडी आहे. तिथं शिकवत होती. दहा ते साडेतीन." शाल्मलीचं बोलणं आता भरभर येऊ लागलं, खूप दिवस तोंडात धरून ठेवल्यासारखं. "ती म्हणे, तीन डाव पाहून झालं, माह्याकडून नाही होत. म्हणे, मले लहान लेकरं आवडतात. मी म्हटलं ताई, घरी सांगून टाक. तर म्हणे, सांगीन. या महिन्यात सांगीन. मंग पुढच्या महिन्यात म्हणे."

"मले काहून नाही सांगतलं? मी काय मारलं असतं तिले? आजवर बोट लावलं नाही."

"तुमी चहा आणत होते ना काका," शाल्मली म्हणाली.

गफ्फार फळीकडे पाहत राहिला. नीळकंठबाबूंनी रजिस्टर उघडलं, काही न लिहिता मिटलं.

"तू त्या दिवशी बॅग ठेवली," गफ्फार म्हणाला. "मी तुले उठवलं."

"हो."

"तुह्यी होती ती जागा."

"हो."

"दाखवाचं होतं मले. फळी होती ना सदुसष्टवर. आणून आदळाची होती माह्या पुढं."

"कसं दाखवू? ते दाखवलं तर बाकीचं सगळं दाखवा लागत होतं."

दोन वेळा शाल्मली पूर्व परीक्षा पास झाली होती आणि दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत राहिली होती, एकदा तीन गुणांनी. हे तिनं त्या वेळी सांगितलं नाही. गफ्फारला ते व्हरांड्यातल्या पोरांकडून आधीच माहीत होतं. एवढंच, की आजवर त्या तीन गुणांशी आपला काही संबंध आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं फळी उचलून तिच्यापुढे धरली. "घे. तुह्यी आहे."

"मले फळी कायले पाहिजे काका?" शाल्मली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मले तर जागा पाहिजे होती. खोली सोडली मी आज. साडेपाचच्या गाडीनं बाभुळगावले चालली."

चार वाजायला दहा मिनिटं होती.

गफ्फार फळी घेऊन परत हॉलमध्ये गेला. शाल्मली दारापर्यंत त्याच्या मागे आली. चौऱ्याऐंशी टेबलांच्या हॉलमध्ये खिडकीशी एकच सांगाडा उभा होता. त्यानं फळी त्यावर ठेवली आणि तळहातानं दाबली. बसली. कट्ट्यावरची गादी उचलून खुर्चीवर घातली.

"बस," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

कॅन्टीन उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे बंद होतं. तो गेटबाहेरच्या टपरीवर गेला. टपरीवाला कागदी कप भरू लागला तसा त्यानं हात धरला आणि पेला मागितला. स्टीलचा नव्हता, काचेचा मिळाला. बशी नव्हती. वर पंजा झाकून तो उन्हातून चालत आला. मुख्य इमारतीवरून, जिमवरून, टाकीखालून. नीळकंठबाबू आणि हरिसिंग फळ्या परत ट्रकमध्ये चढवत होते. तो पुढे जाईपर्यंत ते थांबले.

शाल्मली बसली होती. बॅग मांडीवर, हात बॅगेवर, पाहुणी बसते तशी. गफ्फारनं पेला टेबलावर ठेवला.

तिनं पेल्याकडे पाहिलं आणि उठायला लागली. पावणेचारला उठायची सवय कुठेतरी राहिली असावी.

"बस ना," गफ्फार म्हणाला. "पिऊन घे. मंग जा."

ती प्यायली. तो खिडकीशी उभा होता आणि तिच्याकडे पाहत नव्हता. बाहेर लाकडावर लाकूड ठेवल्याचे आवाज येत होते. पेला रिकामा झाल्यावर शाल्मलीनं ओढणीच्या टोकानं फळीवरचं ओलं वर्तुळ पुसलं. थोडा वेळ तिचा हात तिथेच होता.

"काका, मी नेऊ का ही?"

गफ्फारनं सुतळी आणली. फळी तिच्या गुंडाळलेल्या चटईच्या पाठीला लावली, आडवे दोन आणि उभा एक असे वेढे दिले आणि गाठ मारली. दत्त चौकापर्यंत ते ओझं त्यानं स्वतः डोक्यावर नेलं. तिथून ती ऑटोनं गेली. जाताना तिनं वाकून पाया पडायला हात पुढे केला, तो त्यानं मधेच धरला.

गेटवर नीळकंठबाबूंनी मोजणी करून सही केली. फळ्या चौऱ्याऐंशी, त्यातली एक नवी. रजिस्टरमध्ये फक्त चौऱ्याऐंशी लिहिलं. पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी अभ्यासिकेला कुलूप लावलं.

गफ्फार घरी पोचला तेव्हा नाहिद पडवीत बसली होती. तिनं त्याच्या हातातली हिरवी गादी पाहिली. ती तिनंच शिवली होती, उमेराच्या जुन्या कुर्त्याची.

"और लकडी?"

"उसने दे दी थी," गफ्फार म्हणाला. "किसी को. पहले ही."

नाहिदनं मान खाली घातली. ती काय, कोणाला, कधी, असं काहीच विचारत नाही हे गफ्फारच्या हळूहळू लक्षात आलं. तो तिच्यासमोर पायरीवर बसला. गादी दोघांच्या मध्ये होती.

"तेरेको मालूम था," तो म्हणाला.

नाहिदनं गादीच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळला. मग तो सोडला.

"बच्चों को गाना सिखाती थी," ती म्हणाली. "घर में आके मेरेको करके दिखाती थी. हाथ ऐसे ऐसे करके."

गफ्फारनं वर पाहिलं.

"कौनसा?" त्यानं विचारलं.